'माइनक्राफ्ट'मधील आज्ञा : चूक कोठे होते आणि ती कशी शोधावी

ठोकळ्यावर ठोकळा रचून जग उभारण्याचा 'माइनक्राफ्ट' हा खेळ स्वीडनमधील प्रोग्रॅमर मार्कुस पर्सन यांनी मे २००९ मध्ये प्रथम लोकांसमोर आणला. त्याची पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये आली, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'मोजांग' ही मूळ कंपनी अडीचशे कोटी डॉलरना विकत घेतली आणि २०२३ पर्यंत खेळाच्या तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. कुदळ-फावड्याच्या या खेळाला आणखी एक अंग आहे. तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, टंकित करून आज्ञा दिली की हवामान बदलते, डोंगर नाहीसा होतो, शंभर गायी प्रकट होतात. अनेक मुलांची प्रोग्रॅमिंगशी पहिली ओळख येथेच होते; आणि 'मी बरोबर लिहिले, तरी चालत का नाही', हा त्या विद्येतील सनातन प्रश्नही त्यांना प्रथम येथेच पडतो.

(या लेखात आज्ञांची नावे देवनागरीत दिली आहेत. खेळात ती रोमन लिपीतील लहान अक्षरांतच लिहावी लागतात.)

चालली, पण भलतीच

न चाललेल्या आज्ञेपेक्षा नको तशी चाललेली आज्ञा अधिक महागात पडते, कारण खेळात 'केलेले परत फिरव' अशी सोय नाही. याचे सर्वपरिचित उदाहरण 'किल' या आज्ञेचे. रात्रीच्या झोंबींना वैतागलेला खेळाडू 'किल' लिहून पुढे '@ई' हे निवडचिन्ह देतो. त्याच्या मनात 'सगळे शत्रू' असते. खेळाच्या लेखी मात्र या चिन्हाचा अर्थ, ठोकळा नसलेली आणि जगाच्या त्या वेळी सुरू असलेल्या भागात असणारी प्रत्येक वस्तू, असा आहे. त्यात पाळलेला कुत्रा येतो, गायी येतात, भिंतीवरच्या तसबिरी येतात, महिनोन्‌महिने जपून तयार केलेले गावकरी व्यापारी येतात आणि आज्ञा देणारा स्वतःही येतो. चिन्हापुढे चौकटी कंसात प्रकार नमूद करून 'फक्त झोंबी' असे बंधन घातले असते, तर हा अनर्थ टळला असता.

'फिल' या आज्ञेचेही तसेच. दोन टोकांचे निर्देशांक दिले की मधली सारी जागा ती एका ठोकळ्याने भरते. एका वेळी ३२,७६८ ठोकळ्यांची मर्यादा मुळात घातलेली आहे; पण बत्तीस लांब, बत्तीस रुंद आणि बत्तीस उंच एवढी जागा म्हणजे एखाद्याचे संपूर्ण घर असू शकते. साध्या स्वरूपात ही आज्ञा वाटेत आलेल्या पेट्या आतल्या सामानासह पुसून टाकते. उणे चिन्ह विसरल्याने घर गमावलेले खेळाडू थोडेथोडके नाहीत.

आज्ञा जुनी, खेळ नवा

आज्ञा मुळीच चालत नसेल, तर अक्षरे तपासण्याआधी ती कोणत्या आवृत्तीसाठी लिहिली आहे हे पाहावे. संगणकावरील 'जावा' आणि मोबाइल, कन्सोल व विंडोजवरील 'बेडरॉक' या दोन शाखांची आज्ञाभाषा एकसारखी दिसली, तरी एक नाही. शिवाय जावा शाखेत २०१८ च्या १.१३ आवृत्तीने मोठीच उलथापालथ केली. ठोकळ्यांचे जुने क्रमांक गेले आणि नावे आली, 'एक्झिक्यूट' या आज्ञेची रचना नव्याने बांधली गेली, 'टेस्टफॉर' ही आज्ञा रद्द झाली. बेडरॉकने 'एक्झिक्यूट'ची नवी रचना २०२२ मध्ये स्वीकारली. 'टेस्टफॉर' मात्र तेथे टिकून राहिली. पुढे २०२४ मध्ये जावाच्या १.२०.५ आवृत्तीत वस्तूंचे गुणधर्म महिरपी कंसाऐवजी चौकटी कंसात लिहिण्याची पद्धत आली. त्यामुळे २०१६ चा व्हिडिओ पाहून अक्षरशः उतरवलेली आज्ञा आज नाकारली गेली, तर दोष विद्यार्थ्याचा नसतो. व्हिडिओही त्या काळी खराच होता.

तांबडी ओळ वाचावी

जावा शाखेत चुकलेल्या आज्ञेखाली तांबड्या अक्षरांत संदेश येतो आणि त्यात बाणासह 'हिअर' हा शब्द असतो. खेळाला जेथपर्यंत अर्थ लागला तेथे हा बाण थांबतो; चूक तेथेच किंवा किंचित अलीकडे असते. एवढी नेमकी मदत मिळत असताना बहुतेक जण ती ओळ न वाचताच संपूर्ण आज्ञा पुन्हा टंकित करतात!

एक संदेश मात्र फसवा आहे. 'अज्ञात किंवा अपूर्ण आज्ञा' असे उत्तर आले, की स्पेलिंग चुकले असा समज होतो. पुष्कळदा चुकलेले काहीच नसते. खेळाडूला त्या आज्ञेची परवानगीच नसते आणि परवानगी नसलेली आज्ञा खेळ अस्तित्वातच नसल्यासारखी वागवतो. जग निर्माण करताना 'चीट्स' बंद ठेवले असतील, तर जावा शाखेत ते जग स्थानिक नेटवर्कवर खुले करताना तात्पुरती परवानगी देता येते. सर्व्हरवर चालकाचा दर्जा लागतो. बेडरॉकमध्ये ही सोय चालू करण्यापूर्वी विचार करावा, कारण त्यानंतर त्या जगातील पराक्रमांची नोंद बंद होते.

कोण आणि कोठे

अनुभवी मंडळींनाही चकवणारी चूक 'एक्झिक्यूट'मध्ये होते. समजा, प्रत्येक खेळाडूच्या पायाखाली सोन्याचा ठोकळा ठेवायचा आहे. 'एक्झिक्यूट ॲज @ए रन' असे लिहून पुढे 'सेटब्लॉक' आणि सापेक्ष स्थान दाखवणारी नागमोडी चिन्हे दिली जातात. आज्ञा विनातक्रार चालते. पण ठोकळा येतो तो फक्त आज्ञा देणाऱ्याच्या पायाखाली. याचे कारण 'ॲज' हा शब्द केवळ कर्ता बदलतो, जागा बदलत नाही. पाच खेळाडूंच्या नावाने आज्ञा पाच वेळा चालली, परंतु पाचही वेळा एकाच ठिकाणी उभी राहून. जागा बदलण्यासाठी 'ॲट @एस', म्हणजे 'आता जो कर्ता आहे त्याच्या ठिकाणी', हे शब्द 'रन'च्या आधी जोडावे लागतात. तांबडा संदेश न येता परिणाम चुकीच्या ठिकाणी दिसला, तर पहिला संशय येथेच घ्यावा.

कमांड ब्लॉक

आज्ञा साठवून ठेवणारा ठोकळा २०१२ मध्ये आला आणि २०१६ मध्ये त्याचे तीन प्रकार झाले. नारिंगी ठोकळा संकेत मिळाल्यावर एकदा चालतो, जांभळा सतत चालतो, तर हिरवा मागच्या ठोकळ्याकडून पाळी आल्यावर चालतो. साखळी तुटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे हिरव्या ठोकळ्याला 'रेडस्टोनची गरज' या स्थितीत ठेवणे अथवा बाणाची दिशा उलटी असणे. ठोकळा उघडल्यावर खाली शेवटच्या आज्ञेचे उत्तर दिसते. निदान तेथूनच सुरू करावे. खेळाडू दूर गेल्यावर जगाचा तो भाग निद्रिस्त होतो आणि त्यातील ठोकळेही थांबतात, हेही ध्यानात ठेवावे.

निमूटपणे नाकारलेली फाइल

आज्ञा एकामागून एक लिहून फाइलमध्ये साठवण्याची सोय, अर्थात 'फंक्शन', जावा शाखेत २०१७ पासून आहे. खरे स्क्रिप्टिंग येथे सुरू होते आणि खरी डोकेदुखीही, कारण येथील चुका पडद्यावर दिसत नाहीत. फाइलमधील एका ओळीची रचना चुकली, तरी संपूर्ण फाइल नाकारली जाते. ही बातमी खेळाच्या 'लॉग्ज' फोल्डरमधील 'लेटेस्ट' नावाच्या नोंदफाइलमध्ये ओळीच्या क्रमांकासह लिहिली जाते. खेळाडूला मात्र 'असे फंक्शन नाही' एवढेच कळते.

नियमांतील विसंगतीही नवशिक्यांना छळते. पडद्यावर आज्ञेआधी स्लॅश अनिवार्य, कमांड ब्लॉकमध्ये तो ऐच्छिक, तर फंक्शनच्या फाइलमध्ये निषिद्ध! फाइलच्या नावात मोठी रोमन अक्षरे वा मोकळी जागा चालत नाही. विंडोजवरील नोटपॅड नावाच्या शेवटी गुपचूप 'टीएक्सटी' जोडते आणि फाइलची शेपटी लपवण्याची सोय चालू असेल, तर ते दिसतही नाही. जून २०२४ मधील १.२१ आवृत्तीत 'फंक्शन्स' या फोल्डरचे नाव एकवचनी 'फंक्शन' झाले. एका अक्षराच्या या बदलाने आधीच्या असंख्य फाइली खेळाला दिसेनाशा झाल्या.

फाइल स्वीकारली गेली तरी इच्छित परिणाम होत नसेल, तर मधूनमधून 'से' आज्ञेच्या ओळी घालाव्यात. 'येथवर आलो' असे खेळच सांगत जातो. चालू असताना एखादी आज्ञा निष्फळ ठरली, तर फंक्शन थांबत नाही, पुढच्या ओळी चालूच राहतात. गुण मोजताना आणखी एक खाच आहे : ज्या खेळाडूला अजून गुणच दिलेला नाही, त्याचा गुण शून्य नसतो, तो नसतोच. म्हणून 'शून्य असेल तर' ही अट त्याच्याबाबत कधीच पूर्ण होत नाही. प्रारंभी सर्वांच्या गुणांत शून्य मिळवून घेतल्यास हा पेच सुटतो. फाइलमधील प्रत्येक बदलानंतर 'रीलोड' ही आज्ञा द्यावी, नाहीतर जुनीच प्रत चालत राहते.

खेळाचे घड्याळ सेकंदाला वीस ठोके देते. दर ठोक्याला चालणाऱ्या फंक्शनमध्ये प्राणी निर्माण करण्याची ओळ अनवधानाने राहिली, तर मिनिटाला बाराशे प्राणी जन्मतात आणि थोड्याच वेळात संगणक गुडघे टेकतो. अशा वेळी खेळ बंद करून त्या जगाच्या 'डेटापॅक्स' फोल्डरमधून संबंधित पॅक बाहेर हलवावा आणि मगच जग पुन्हा उघडावे. आधी जन्मलेले प्राणी त्यानंतरही शिल्लक राहतात. त्यांच्यासाठी 'किल' आज्ञा लागते, प्रकार नमूद करून.

नवी आज्ञा प्रथम वेगळ्या, सपाट जगात चालवून पाहावी. जावा शाखेत जगांच्या यादीतील 'एडिट' या कळीखाली प्रत काढण्याची सोय आहे. 'सेव्हज' फोल्डरमधून हाताने प्रत घ्यायची असेल, तर आधी त्या जगातून बाहेर पडावे. जग उघडे असताना घेतलेल्या प्रतीत काही भाग अर्धवट लिहिलेला असू शकतो.