कौल, फाल आणि घट

शकुन पाहण्याच्या साधनांचा इतिहास राजवाड्यापासून आरंभणे सोयीचे पडते, कारण राजवाड्यात कागद होता. विजापुरास पहिल्या अली आदिलशहाच्या काळी, १५७० मध्ये, ‘नुजूमुल-उलूम’ हा ग्रहनक्षत्रांचा सचित्र ग्रंथ सिद्ध झाला. पुढे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात आमच्या गोवळकोंड्यास फालनामा चितारला गेला. प्रश्न मनात धरून पान उघडावे, आणि चित्र व समोरचा मजकूर यांवरून शुभाशुभ जाणावे, अशी त्याची रीत. असा ग्रंथ ज्याला परवडत नसे तो हाफिजचा दिवाण उघडी. (हाच हाफिज बहमनी दरबाराच्या निमंत्रणावरून निघाला आणि होर्मुझला वादळ पाहून परतला, असे फिरिश्ता सांगतो. निघताना त्याने फाल पाहिली नसावी!)

या साधनांस अक्षरओळख लागे. कुणब्याच्या घरी पोथी नव्हती. फूल, धान्य आणि घागर एवढे होते. कोकणात व गोमंतकात देवाच्या मूर्तीस पाकळ्या चिकटवितात आणि उजवीकडची आधी गळाली म्हणजे होकार समजतात. यास कौल लावणे म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी, अर्थ वचन. पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेस, पहिल्या वर्षी थोडा व पुढे चढता सारा घेऊ, असे आश्वासन सरकार ज्या कागदाने देई, तोही कौलच. देवाच्या पाकळीस आणि सरकारच्या कागदास मराठीने एकच नाव द्यावे, हे आम्हांस फार बोलके वाटते. पाऊस पडला नाही तर सरकारी कौल घेऊन करावयाचे काय? तेव्हा दुसरा कौल अधिक वरच्या कचेरीत मागणे प्राप्तच होते.

या मागणीचे सर्वांत भरघोस रूप वऱ्हाडात दिसते. वऱ्हाडाचा आणि हैदराबादचा संबंध जुना आहे. १७२४ मध्ये ज्या साखरखेर्ड्याच्या लढाईने पहिल्या निजामाची सत्ता दक्षिणेत स्थिर झाली, ते गाव बुलढाणा जिल्ह्यातलेच. त्याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घट मांडतात. वाघ घराण्याकडे चालत आलेली ही प्रथा तीनशेहून अधिक वर्षांची मानली जाते. वर्तुळात गहू, ज्वारी, तूर, सरकी, जवस अशी अठरा धान्ये. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळे, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याची घागर. आणि तिच्याभोवती पापड, कुरडई, सांडोई, पुरी, करंजी, पानविडा. रात्री तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते धान्य हलले, यावरून वर्षाचे भाकीत सांगतात. विडा म्हणजे राजाची गादी, करंजी म्हणजे तिजोरी, मसूर म्हणजे शत्रू, भादली म्हणजे रोगराई. सणाच्या पानातील पदार्थांनी रयतेने अवघे राज्य एका वावरात मांडले, आणि त्या राज्यात राजाचे आसन मुंगीनेही हलावे!

भाकितावर आमचा विश्वास नाही. घागर पाझरते, वारा सुटतो, उंदीर-मुंग्या फिरतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांचे आक्षेप रास्तच आहेत. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर हवामानखात्याच्या ब्लॅनफर्डने हिमालयातील बर्फावरून मान्सूनचे अनुमान बांधण्यास आरंभ केला; १८८६ पासून ते नियमित प्रसिद्ध होऊ लागले. तेही पुष्कळदा चुकले. परंतु चूक नोंदली गेली, म्हणून रीत बदलता आली. घटाचे भाकीत तोंडी सांगितले जाते आणि सोयीप्रमाणे आठवले जाते. वऱ्हाडातील शिक्षकबंधूंनी दहा वर्षे एका वहीत डावीकडे घटाचे भाकीत आणि उजवीकडे तालुक्याच्या पर्जन्यमापकाचे आकडे लिहून ठेवले, तर व्याख्यानांपेक्षा मुले त्यातून अधिक शिकतील.

त्याच वहीच्या मागल्या पानांवर मांडणीचे शब्दही उतरून घ्यावेत. आमच्या साहित्येतिहासात फालनाम्यास कधीतरी जागा मिळते, घटास मिळत नाही. सांडोई म्हणजे काय, हे येथील मराठी मुलांस ठाऊक नसते. भादली हे बारीक धान्य तर शेतातही आता क्वचितच दिसते. घटात मात्र त्याचा वाटा अद्याप राखलेला आहे.