साबणाच्या वडीपासून संरक्षण खात्यापर्यंत : उत्पादन व्यवस्थापनाच्या पायऱ्या

एखाद्या उत्पादनाचे वेष्टन, जाहिरात, विक्री आणि सुधारणा यांची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे सोपवण्याच्या पद्धतीला उत्पादन व्यवस्थापन म्हणतात. आज ती संगणक उद्योगाची मानली जात असली, तरी तिचा एक महत्त्वाचा उगम अमेरिकेतील सिनसिनाटी येथील साबणाच्या धंद्यात आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत १९२५ साली रुजू झालेले नील मॅकएलरॉय हे कॅमे साबणाची जाहिरात सांभाळत आणि त्यांना कंपनीच्याच नावाजलेल्या आयव्हरी साबणाशी झुंजावे लागे. १३ मे १९३१ रोजी त्यांनी वरिष्ठांना तीन पानांचे टिपण पाठवून प्रत्येक साबणाला स्वतंत्र ‘ब्रँड मॅन’, म्हणजे त्या नाममुद्रेचे सर्व बरेवाईट पाहणारा माणूस, असावा अशी मागणी केली.

या टिपणात पहिल्या पायरीवरचे कौशल्य विलक्षण बारकाईने नोंदलेले आहे. ब्रँड मॅनने मालाच्या रवानगीचे आकडे तपासावेत. जिथे खप चांगला आहे तिथे कोणते उपाय लागू पडले ते शोधून तत्सम प्रदेशांत ते वापरून पाहावेत. आणि जिथे खप मंद आहे तिथे जुन्या जाहिरातींचा इतिहास वाचून, स्वतः जाऊन, दुकानदार व गिऱ्हाईक या दोघांशी बोलून दुखणे ओळखावे, असे त्यात सांगितले आहे. त्याच्या हाताखाली साहाय्यक आणि गावोगाव पाहणी करणारी माणसे असावीत, अशी उतरंडही त्यात आहे. हुकूम चालवण्याचा अधिकार तुटपुंजा आणि जबाबदारी मात्र पूर्ण, ही या कामाची खरी कसोटी होती. १९८० च्या दशकात मायक्रोसॉफ्टमध्ये घडलेल्या ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ या पदावरही तीच कायम राहिली, कारण आज्ञावली लिहिणारे अभियंते त्याच्या हाताखाली नसत.

वरच्या पायरीवर मात्र प्रश्नच बदलतो. १९४८ साली कंपनीचे अध्यक्ष झालेल्या मॅकएलरॉय यांना एका वडीचा खप नव्हे, तर अनेक नाममुद्रांमध्ये पैसा आणि माणसे कशी वाटावीत हे ठरवायचे होते. ऑक्टोबर १९५७ मध्ये, सोव्हिएत स्पुटनिक अवकाशात गेल्यानंतर काही दिवसांतच, ते अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले, तेव्हा भूदलाचे ज्युपिटर आणि हवाई दलाचे थॉर ही मध्यम पल्ल्याची दोन क्षेपणास्त्रे परस्परांशी स्पर्धा करत होती आणि त्यांनी दोन्हींच्या उत्पादनाला मंजुरी दिली. आपल्याच घरातील दोन साबणांना झुंजू देण्याची ही जुनी सवय तिथे अपुरी पडली, असे म्हणावे लागते. बाजारात निवाडा गिऱ्हाईक करते, सरकारी तिजोरीत तो मंत्र्यालाच करावा लागतो. उलट, १९५८ साली दलांच्या हेव्यादाव्यांबाहेर प्रगत संशोधनाची स्वतंत्र संस्था, ‘आर्पा’, उभारण्याचा त्यांचा निर्णय ज्येष्ठाच्या कौशल्याचा उत्तम नमुना ठरतो, कारण त्यात स्वतः उत्तर शोधण्याऐवजी उत्तरे शोधणाऱ्यांसाठी जागा निर्माण केलेली दिसते. १९६९ मध्ये याच संस्थेच्या पैशातून आर्पानेट हे संगणकजाळे सुरू झाले.

कनिष्ठाची कर्तव्ये टिपणात सापडतात, ज्येष्ठाची सापडत नाहीत; म्हणून या व्यवसायाच्या अभ्यासकांनी १९३१ च्या त्या प्रसिद्ध तीन पानांवर न थांबता पुढच्या निर्णयांचे दप्तरही तितक्याच चिकाटीने तपासले पाहिजे.