ट्युटोरियल बघून प्रोग्रॅमिंग येतं का? मराठीतून, मोफत शिकण्याची पद्धत



मी डोंबिवलीत राहतो आणि सॉफ्टवेअर इंजिनियर म्हणून काम करतो. ठाणे, कल्याणकडची कॉलेजची मुलं मला हमखास विचारतात, "दादा, पायथनचे व्हिडिओ सगळे बघून झाले, पण स्वतः लिहायला बसलं की काहीच सुचत नाही. क्लास लावू का?" माझं उत्तर असतं, फी भरण्याआधी शिकायची पद्धत बदलून बघा.

मराठीतून कुठे शिकायचं?

पवईच्या आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प आहे. प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी तो उभा केला आणि त्याला केंद्र सरकारचा निधी मिळाला. सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, लिनक्स असे विषय त्यात आहेत. एक धडा साधारण १० मिनिटांचा असतो आणि बऱ्याच धड्यांचा आवाज मराठीत आहे. स्क्रीनवरचा मजकूर मात्र इंग्रजीतच दिसतो. ते बरंच आहे, कारण एरर मेसेज शेवटी इंग्रजीतच येणार. तो वाचायची सवय सुरुवातीपासून लागलेली चांगली.

बघा, थांबवा, करा

या धड्यांची पद्धत सोपी आहे. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ आणि उरलेल्या अर्ध्यावर आपलं काम. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये स्प्लिट स्क्रीन असतंच. पायथनसाठी 'पायड्रॉइड ३' हे ॲप घ्या, ते नेट नसतानाही चालतं. दोन ओळी बघितल्या की व्हिडिओ थांबवा आणि त्या स्वतः टाइप करा. कॉपी-पेस्ट नको.

मग एखादा आकडा बदलून बघा. समजा, वडापावचं बिल ३५ रुपये झालं आणि ते दोघांत वाटायचंय. पायथन ३ मध्ये ३५ ला २ ने भागलं की १७.५ येतं. सी मध्ये दोन्ही पूर्णांक ठेवले तर उत्तर १७ येतं. पन्नास पैसे गेले कुठे? सी मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांकच मिळतं आणि दशांशाचा भाग गळून जातो. असे प्रश्न पडायला लागले की समजा, शिकणं सुरू झालं.

जुन्या व्हिडिओंपासून सावध

पायथन २ मध्येही हेच उत्तर १७ यायचं. त्या आवृत्तीचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, पण तिचे व्हिडिओ अजून फिरतायत. त्यामुळे व्हिडिओत एक आणि तुमच्याकडे दुसरंच दिसलं, तर आधी आवृत्ती तपासा. चूक तुमची असेलच असं नाही.

कॉम्प्युटरची बेसिक माहिती फोनवरच

अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स कर्नल आहे. एफ-ड्रॉइडवरून 'टर्मक्स' घेतलं की फोनवरच टर्मिनल मिळतं. तिथे 'पीडब्ल्यूडी' टाइप करा (बांधकाम खातं नव्हे!), तुम्ही कुठल्या फोल्डरमध्ये आहात ते कळेल. 'एलएस' टाइप केलं की त्यातल्या फाइल्स दिसतील. कमांड इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टाकायच्या.

एक गोष्ट इथेच पक्की करा. प्रोग्रॅमची फाइल स्टोरेजमध्ये असते, पण तो चालतो रॅममध्ये. म्हणून प्रोग्रॅम बंद झाला की त्याच्या व्हेरिएबलमधल्या किमती जातात. त्या टिकवायच्या असतील तर फाइलमध्ये लिहाव्या लागतात.

आलं की नाही, कसं ओळखायचं?

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ न लावता कोऱ्या स्क्रीनवर तोच प्रोग्रॅम लिहा. जमला तर पुढचा धडा घ्या. नाही जमला तर तोच धडा पुन्हा करा. मोठे प्रोग्रॅम फोनवर टाइप करणं कठीण जातं, त्यासाठी कॉलेजची लॅब वापरा. महिनाभर असं करून बघा आणि मगच क्लासचं ठरवा. तेव्हा निदान आपल्याला नक्की काय येत नाही, हे तुम्हाला सांगता येईल.