शिकार आणि पारध : सातपुड्यातल्या दोन शब्दांचा इतिहास



नागपूरच्या माणसाला पहिला वाघ दिसतो तो बहुधा अजबबंगल्यात. १८६३ साली सुरू झालेल्या त्या संग्रहालयात पेंढा भरलेल्या जनावरांपुढे लहानपणी आम्हीही आ वासून उभे राहायचो. हे कोणी मारले असेल, आणि मारणाऱ्याला लोक काय म्हणत असतील, हा प्रश्न तेव्हा काही सुचला नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवल्यावर शब्दांकडे संशयाने पाहायची खोड लागते, म्हणून आज तो विचारतो आहोत.

१८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, राजधानी नागपूर. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा, दाट साग-साल, आणि तिथे राहणारे गोंड, कोरकू, बैगा. या डोंगरांत हिंडलेला सर्वांत प्रसिद्ध शिकारी म्हणजे कॅप्टन जेम्स फोर्सिथ. पचमढीच्या पठारावर त्यांनी बांधलेल्या बंगल्याचे नावच बायसन लॉज, म्हणजे गव्याच्या नावाचे घर. त्यांचे 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक १८७१ साली निघाले. त्याच्या उपशीर्षकात जंगले, 'रानटी जमाती', निसर्गेतिहास आणि शिकार हे सारे एका ओळीत बसवले आहे. माणसे कुठे बसवली, तर झाडे आणि जनावरे यांच्या मधोमध!

पण फोर्सिथ हे निव्वळ शौकीन नव्हते. बंदुकीबरोबर त्यांच्याकडे वहीही होती. कुठे कोणते लाकूड आहे, कोण ते तोडतो, याची ते नोंद ठेवत. काळ रेल्वेचा होता. मुंबई ते जबलपूर मार्ग १८७० मध्ये पुरा झाला. रुळांखाली स्लीपर लागत, आणि आदिवासींची दह्याची शेती, म्हणजे जंगल तोडून-जाळून राखेत पेरणी, सरकारच्या डोळ्यांत सलू लागली.

आता शिकार कशी व्हायची ते पाहू. आधी गावचा माणूस माग काढी. मग रेडकू बांधत. वाघाने ते मारले की जवळच मचाण बांधायचे किंवा हाका करायचा. शेपन्नास माणसे डबे वाजवत, ओरडत जंगल उठवणार, आणि वाघ मचाणावरच्या साहेबाच्या टप्प्यात येणार. वाघ जखमी होऊन झुडपात शिरला, तर त्याच्या मागावर पुढे पाय टाकणारा बहुधा तोच माग काढणारा. फोटोत मात्र साहेब आणि वाघ. वर सरकारी बक्षीस असायचेच. वाघ माणसे आणि गुरे मारत, हेही खरे. भीती खोटी नव्हती.

१८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले पक्की झाली. मग साहेबाला परवाना, आणि कोरकूच्या कुऱ्हाडीला दंड. १८९० मध्ये मंडला भागात बैगांना दह्यासाठी 'बैगा चक' नावाचा एक तुकडा तेवढा राखून दिला. ज्यांचे सगळे रान, त्यांना रानाचा एक कोपरा!

आता त्या दोन शब्दांकडे येऊ. शिकार हा फारसीतून आलेला, पारध हा आपला. अर्थ एकच. पण 'शिकारी' म्हटले की भिंतीवरचे कातडे आठवते, आणि 'पारधी' म्हटले की पोलीस. फोर्सिथ यांचे पुस्तक निघाले त्याच १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. पुढे पारध्यांचे काही गट त्यात घातले गेले. फासे लावून तित्तिर धरणारे फासेपारधी, शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ जाणारे गायपारधी. यांचा धंदाच गुन्ह्याच्या पंक्तीला बसला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण शिक्का राहिला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर सर्वांसाठीच कडक बंधने घातली. ते योग्यच होते. लगेच पुढे व्याघ्रप्रकल्प आला आणि मेळघाट त्यातल्या पहिल्या नऊंत होता. ते झाले नसते, तर आमच्या नातवंडांनाही वाघ अजबबंगल्यातच बघावा लागला असता. पण कायदा सर्वांना सारखा असला, तरी तो सर्वांवर सारखा पडत नाही. परवानेवाल्याचा छंद सुटला. पारध्याच्या घरातली चूल विझली. त्याला दुसरा धंदा कोणी शिकवला? जमीन कोणी दिली? आज जंगलात वाघ मेला की संशय आधी पालावर जातो. काही जण पकडलेही गेले आहेत, ते नाकारून चालणार नाही. पण एका माणसाचा गुन्हा आणि एका जमातीचे नाव, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून एवढेच सांगणे. वाघ वाचवण्याचा हिशेब मांडताना डरकाळ्या मोजा, जरूर मोजा. पण त्या रानातून ज्यांना उठवले, त्यांचीही मोजदाद त्याच वहीत व्हावी. फोर्सिथ यांच्या वहीत ते झाले नाही. आपल्या वहीत तरी व्हावे.