एका नुक्त्याचा फरक

उर्दूच्या तासाला मी फळ्यावर ‘खुदा’ लिहितो, वरचा नुक्ता पुसून खाली देतो. ‘जुदा’ होतं. मुलं हसतात. 1956 साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांना असाच एक ठिपका जागेवरून हललेला दिसला.

प्रश्न सिकलसेलचा होता. या रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकतं, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्येच दाखवलं होतं. फरक नेमका कुठे, ते मात्र कळेना. रेणू फार मोठा. इन्ग्रॅम यांनी ट्रिप्सिनने त्याचे तुकडे केले. त्याचा थेंब गाळण कागदावर ठेवून आधी एका दिशेने वीज सोडली, मग काटकोनात द्रावक चढू दिला. निनहायड्रिन लावल्यावर तीसेक ठिपके उमटले. निरोगी माणसाचा आणि रुग्णाचा कागद शेजारी ठेवला, तर एक ठिपका सोडून सगळे जुळले. पुढच्या वर्षी उलगडलं: त्या तुकड्यात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसलं होतं. एवढंच!

कागदावर असे घटक वेगळे करायची रीत 1944 ची, लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेतली. लोकरीचं प्रथिन तपासता तपासता सापडलेली.

हा आजार आपल्याकडे विदर्भात, नंदुरबारकडे बराच आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा थंडीत सांधे दुखतात म्हणून दांड्या मारायचा. मी त्याला कामचुकार समजून दोनदा उभं केलं होतं. ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो त्याच्या वडिलांनी आणून दाखवलेल्या रिपोर्टवर.