आईनस्टाईनच्या पोटातला फुगा

१९४८ साली ब्रुकलिनमध्ये डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी आईनस्टाईनचे पोट उघडले. महाधमनीला फुगा आलेला. तो कापून काढायची विद्या तेव्हा नव्हती, म्हणून त्यांनी तो चक्क सेलोफेनमध्ये गुंडाळला! (मिठाईच्या डब्यावर असतो तसलाच कागद.) १९५१ मध्ये पॅरिसला शार्ल द्युबोस्त यांनी फुगा काढून मृत व्यक्तीची धमनी जोडली.

पण खरी धास्ती शेजारच्या शिरेची. डाव्या मूत्रपिंडाची शीर बहुतेकांत महाधमनीच्या पुढून जाते, काहींत मात्र मागून. ती दिसत नाही. चिमटा लावताना फाटली, तर रक्त आवरत नाही. आता सीटी स्कॅनमध्ये आधीच कळते. तेव्हा बहुधा पोट उघडल्यावरच कळे.

१९५५ मध्ये तो फुगा फुटला. आईनस्टाईन तेव्हा ७६ वर्षांचे. त्यांनी शस्त्रक्रियेला साफ नकार दिला.