वंगण घालणे आणि वंगण काढणे

यंत्रयुगाचा इतिहास सांगणारे बहुधा वाफ, वीज आणि पोलाद यांच्यापाशीच थांबतात. वंगणाची आठवण त्यांना होत नाही. आमचा गाडीवान या बाबतीत इतिहासकारांहून शहाणा म्हटला पाहिजे. एरंडेलात जळक्या पेंढ्याची काजळी कालवून केलेले वंगण बांबूच्या नळकांड्यात भरून तो गाडीखाली टांगत असे, आणि चाक कुरकुरू लागले की गाडी थांबवून आखाला वंगण देत असे. त्याला घर्षणाचे नियम ठाऊक नव्हते. पण कोरडा आख तुंब्याला खातो, एवढे पुरते ठाऊक होते.

या लेखाचा विषय त्या वंगणाच्याच कुळातला आहे, पण तो ऐकून पुष्कळांस हसू येईल. अमेरिकेत घरापुढची हिरवळ कापण्याचे एक यंत्र असते. माणूस त्यावर खुर्चीत बसल्यासारखा बसतो आणि लहानशा ट्रॅक्टरप्रमाणे ते चालवतो. त्याच्या इंजिनातले तेल बदलताना ते अंगणात सांडू नये म्हणून काय करावे, हा आमचा विषय. दीड लिटर तेलाची ही गोष्ट व्याख्यानमालेत कशाला, असे कोणी विचारील. तेल काढून टाकण्याच्या याच प्रश्नाचा एक फाटा पुढे अशा ठिकाणी गेला की तेथील एक अख्खे गाव उठवावे लागले. म्हणून हसण्यापूर्वी थोडे मागे जाऊ.

गवत कापण्याचे यंत्र इंग्लंडात जन्मले, तेही बागेत नव्हे, कापडाच्या गिरणीच्या शेजारी. ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउडच्या खोऱ्यात लोकरी कापडाचा मोठा धंदा होता. विणून झालेल्या कापडावरची लव एकसारखी छाटण्यासाठी तेथे फिरत्या पात्यांची यंत्रे वापरीत. ती पाहून एडविन बडिंग नावाच्या कारागिराच्या मनात आले की जे कापडाला साधते ते गवताला का साधू नये? १८३० साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि १८३२ मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स कारखान्याने ते बनविण्याचा परवाना मिळविला. तोवर हिरवळ कापायची ती विळ्याने आणि लांब दांड्याच्या कोयत्याने. तेवढे मजूर ठेवणे सरदारांनाच परवडे. यंत्र आले आणि हिरवळ मध्यमवर्गाच्या दारात आली. पुढे मोठ्या यंत्रांना घोडे जुंपले, आणि त्यांच्या टापांनी गवत उखडू नये म्हणून त्यांना कातड्याचे बूट चढविले. १८९३ मध्ये लँकेशायरच्या लेलँड गावी जेम्स समनर याने वाफेवर चालणारे यंत्र केले. त्याचा उद्योग वाढत वाढत पुढे लेलँड मोटर्स झाला. आपल्या रस्त्यांवरून धावणाऱ्या अशोक लेलँडच्या गाड्यांच्या नावात लेलँड आहे ते हेच, असे सांगितले तर अनेकांना नवल वाटेल.

१९०२ मध्ये रॅन्सम्सने पेट्रोलवर चालणारे यंत्र बाजारात आणले, आणि १९२२ च्या सुमारास अमेरिकेत लान्सिंग येथे रॅन्सम ओल्ड्स याच्या आयडियल कंपनीने बसून चालवायचे यंत्र काढले. मोटारगाडीच्या इतिहासात नाव कमावलेला ओल्ड्स तो हाच.

आता वंगणाकडे वळू. वाफेच्या यंत्रांना आरंभी चरबी लावीत. नाजूक यंत्रांना देवमाशाचे तेल. आगगाडीचे इंजिन थांबवून त्याच्या सांध्यांना तेल घालीत हिंडणे हे एक स्वतंत्र कामच होते. ते काम करणाऱ्यांत इलायजा मॅकॉय नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण होता. गुलामगिरीतून पळून कॅनडात आलेल्या आईबापांचा हा मुलगा एडिंबरोला जाऊन यंत्रविद्या शिकला होता, पण मिशिगनमध्ये परतल्यावर वर्णामुळे त्याला इंजिनात कोळसा टाकण्याचे आणि तेल घालण्याचेच काम मिळाले. त्याने १८७२ मध्ये चालत्या इंजिनाला आपोआप वंगण पोहोचविणाऱ्या उपकरणाचे पेटंट घेतले. ज्या कामाने त्याला खाली ठेवले, त्याच कामात त्याने नाव काढले.

१८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे ड्रेकच्या विहिरीला तेल लागले आणि खनिज वंगणाचे युग सुरू झाले. तरी एरंडेलाने इतक्यात हार मानली नाही. लंडनच्या वेकफील्ड कंपनीने १९०९ मध्ये मोटारींसाठी व विमानांसाठी जे तेल काढले त्यात एरंडेल होते, आणि एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच त्याला कॅस्ट्रॉल हे नाव दिले. पहिल्या महायुद्धातील पुष्कळ विमानांची इंजिने स्वतःभोवती गरगर फिरत. त्यांच्या पोटात पेट्रोल आणि वंगण एकत्र येई. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून जाई, एरंडेल तग धरी. मात्र हे एरंडेल जळक्या धुरासह वैमानिकाच्या तोंडावर उडे आणि पोटात जाई, व त्याचा जो परिणाम घरोघरच्या आजीबाईंना ठाऊक आहे तोच त्या वीरांवरही होई.

यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गाडीचा आख, आगगाडीचे इंजिन, ही विमाने, या सर्वांना वंगण घालावे लागे, काढावे लागत नसे. ते गळून, उडून, जळून जाई. पुढे इंजिनाची पेटी बंदिस्त झाली, तळाशी तेलाचा साठा राहू लागला आणि तेच तेल पुनःपुन्हा फिरू लागले, तेव्हा काटकसर झाली. पण तेलाबरोबर काजळी, धातूचा बारीक चुरा, पेट्रोलचा अंश आणि पाणीही त्यात साचू लागले. म्हणून वंगण काढणे ही विसाव्या शतकाची नवी विद्या झाली. १९२३ मध्ये मोटारीसाठी तेलाची गाळणी निघाली, मळ धरून ठेवणारी द्रव्ये तेलात मिसळू लागले, तरी काढण्यावाचून सुटका झाली नाही. तेल काळे झाले म्हणजे ते वाईट, असा समज आहे. वास्तविक ते काळे झाले याचा अर्थ ते आपले काम करीत आहे, मळ इंजिनाच्या अंगाला चिकटू न देता स्वतःत धरून ठेवीत आहे. तथापि कोणत्याही आधाराला मर्यादा असतेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहराबाहेर घरांच्या वसाहती उठल्या. न्यूयॉर्कजवळील लेव्हिटटाउनचे बांधकाम १९४७ मध्ये सुरू झाले आणि चारपाच वर्षांत तेथे सतरा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. प्रत्येक घरापुढे हिरवळ, आणि ती वेळच्या वेळी कापण्याची अट. (त्या वसाहतीत काळ्या माणसाला घर मिळत नसे, हेही येथेच नोंदविले पाहिजे. हिरवळीच्या शिस्तीला ही दुसरी बाजू होती.) १९५३ मध्ये मिलवॉकीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीने ॲल्युमिनियमचे हलके इंजिन काढले, आणि १९६३ मध्ये जॉन डिअर कंपनीने हिरवळीचा छोटा ट्रॅक्टर बाजारात आणला. जे काम पूर्वी मोटारदुरुस्तीवाला करी ते आता घरधनी शनिवारी सकाळी अंगणात करू लागला.

हे काम दिसते तितके सोपे नाही. या यंत्रांच्या बहुतेक इंजिनांचा दांडा उभा असतो, कारण खालचे पाते आडवे फिरायचे असते. इंजिन सांगाड्यावर बसविलेले, आणि तेल काढण्याचे भोक इंजिनाच्या बुडाशी, पण बाजूला. मोटारीसारखे सरळ खाली भांडे ठेवता येत नाही. बूच काढले की तेलाची धार प्रथम जोरात बाहेर उडते, मग मंदावते आणि मागे वळून पत्र्याच्या खालच्या अंगाने सरपटत जाते. तेलाचा हा गुण दुधाच्या भांड्यावरून स्त्रियांना ठाऊक आहे. सावकाश ओतले तर धार भांड्याच्याच अंगाला चिकटते. परिणामी तेल सांगाड्यावर, पुढच्या आसावर, पात्याच्या झाकणावर पसरते आणि शेवटी भांडे सोडून सगळीकडे पडते. गाळणी आडवी बसविलेली असेल तर ती सोडविताना तिच्यातलेही पेलाभर तेल हातावर येते.

यावर लोकांनी जे उपाय शोधले ते पंडितांचे नव्हेत, अंगणातले आहेत. कोणी पत्र्याची किंवा जाड पुठ्ठ्याची पन्हळ वाकवून भोकाखाली धरली. कोणी बुचाच्या जागी वीतभर लोखंडी नळी कायमची बसवून तिच्या टोकाला टोपी लावली. त्यामुळे धार सांगाड्याच्या पलीकडे पडू लागली. पुढे कारखानदारांनीच तोटी बसविली. तिला प्लॅस्टिकची नळी जोडायची, नळीचे दुसरे टोक डब्यात सोडायचे आणि तोटी फिरवायची. तिसरा मार्ग म्हणजे तेल मोजण्याच्या काडीच्या भोकातून बारीक नळी आत घालून पंपाने तेल वर ओढून घेणे. यात सांडत काहीच नाही, पण तळाचा गाळ थोडा मागे राहतो, म्हणून आम्हांस तोटीचा मार्ग अधिक पसंत आहे. इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे. तेल कोमट झाले की पातळ होते आणि गाळासह उतरते. ते फार तापलेले असेल तर हात भाजेल. यंत्र सपाट जागी उभे करावे, किल्ली काढून घ्यावी, खाली जुने कापड अंथरावे, आणि तेल भरण्याचे तोंड उघडे ठेवावे, म्हणजे हवा आत जाऊन धार अडखळत नाही. नव्या यंत्राचे पहिले तेल सुमारे पाच ते आठ तासांच्या कामानंतर व पुढे बहुधा दर पन्नास तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलतात. एका नळकांड्याच्या इंजिनाला साधारण दीड लिटर लागते, दोन नळकांड्यांच्या इंजिनाला दोन लिटरांच्या आत-बाहेर.

इतके करूनही सांडलेच तर मुलतानी माती टाकावी. तिच्यात तेल शोषून घेण्याचा गुण आहे. लोकरीतली चरबी काढण्यासाठी इंग्लंडच्या कापडधंद्यात ती पिढ्यान्‌पिढ्या वापरीत, आणि अमेरिकन कारखान्यांत जमिनीवरचे तेल टिपण्यासाठी तिचा भुगा पसरीत. स्ट्राउडच्या कापडधंद्याशी हिरवळीच्या यंत्राचा संबंध असा दुसऱ्यांदा येतो.

तेल डब्यात आले. आता डब्याचे काय करायचे? आमच्या मते खरा इतिहास येथून सुरू होतो. जॉन डिअरचा ट्रॅक्टर ज्या साली निघाला त्याच १९६३ सालच्या जानेवारीत ‘पॉप्युलर सायन्स’ या अमेरिकन मासिकाने वाचकांना यावर एक युक्ती सांगितली होती. जमिनीत खड्डा करावा, त्यात बारीक खडी भरावी, आणि तेल त्यात ओतावे. पुढल्या वेळेपर्यंत ते जमिनीत जिरून जाईल. सल्ला देणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. अंगण स्वच्छ राहावे एवढीच त्याची इच्छा होती, आणि जे डोळ्यांआड गेले ते नाहीसे झाले, असे तेव्हा जवळपास सगळेच मानीत. पण एका वेळी काढलेले तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी नासवू शकते, असा इशारा पुढे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्यालाच द्यावा लागला.

जे तेल जमिनीत ओतले जात नव्हते ते गोळा करणारे ठेकेदार होते. ते मोटारदुरुस्तीच्या दुकानांतून काळे तेल नेत आणि धूळ बसावी म्हणून कच्च्या रस्त्यांवर शिंपडण्याचे काम घेत. मिसुरी राज्यात सेंट लुईसच्या नैर्ऋत्येस मेरामेक नदीकाठी टाइम्स बीच नावाचे गाव होते. १९२५ मध्ये एका वृत्तपत्राने वर्गणीदार मिळविण्यासाठी वर्गणीबरोबर साडेसदुसष्ट डॉलरांत भूखंड विकून ते वसविले होते. गाव गरीब, रस्ते डांबराविना. १९७२ पासून चार-पाच वर्षे तेथे असे तेल शिंपडले गेले. त्याच ठेकेदाराने वेरोना येथील एका रसायनाच्या कारखान्यातील टाकाऊ गाळही उचलला होता आणि तो तेलात मिसळला होता. त्यात डायॉक्सिन होते. १९७१ मध्ये घोड्यांच्या एका रिंगणात हेच तेल पडले तेव्हा आढ्यावरच्या चिमण्या मरून खाली पडल्या, मग घोडे डझनांनी दगावले, आणि तेथे खेळणारी मुले आजारी पडली. विषाचे नाव कळायला १९७४ उजाडले. टाइम्स बीचच्या मातीचे नमुने मात्र १९८२ च्या अखेरीस घेतले गेले. त्या डिसेंबरात नदीला महापूर आला, लोक बाहेर पडले, आणि नाताळच्या तोंडावर त्यांना सांगण्यात आले की परत येऊ नका. १९८३ मध्ये सरकारने सगळे गाव विकत घेतले. दोन हजारांहून अधिक माणसे विखुरली.

विष तेलाचे नव्हते, तेलात मिसळलेल्या गाळाचे होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु काळ्या तेलात काय मिसळले आहे हे पाहून कोणालाच सांगता येत नाही, आणि म्हणूनच मिसळणाऱ्याचे फावते. १९९६-९७ मध्ये तेथे भट्टी उभारून परिसरातील अनेक ठिकाणची मिळून सुमारे २ लाख ६५ हजार टन माती जाळण्यात आली. गावाच्या जागी १९९९ मध्ये उद्यान उघडले.

आमच्याकडे जळके तेल कोणी फुकट टाकीत नाही, हे खरे. वाळवी लागू नये म्हणून खांबांना ते फासतात, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, डासांसाठी डबक्यांवर ओततात. काटकसर म्हणून आम्ही यास नावे ठेवणार नाही. पण फासलेले तेलही पावसाबरोबर कोठे तरी जातेच, आणि आमच्या पुष्कळ गावांचे पिण्याचे पाणी विहिरींचे आहे. तेल झिजत नाही, मळते. ते शुद्ध करून पुन्हा वंगण करता येते, आणि एक गॅलन जुन्या तेलातून जेवढे वंगण मिळते तेवढ्यासाठी कच्चे तेल बेचाळीस गॅलन लागते. भारतात १९८९ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांपासून या तेलाकडे सरकारची नजर वळत गेली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेल्या नियमांनी १ एप्रिल २०२४ पासून वंगण विकणाऱ्या उत्पादकावरच जुन्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली. गॅरेजच्या कोपऱ्यातले पिंप पूर्वीही कोणी तरी येऊन नेत होता. आता तो ते कोठे नेतो हे लिहून ठेवावे लागते, आणि नोंदणी नसलेल्याला ते देता येत नाही.